प्रकाशतंतूचा जनक कोण?

२००९ साली भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा चार्ल्स काओ यांना मिळाला. काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या रूपाने संदेश दूरवर पाठवता येतील, हे सिद्ध करणाऱ्या कामाचा तो गौरव होता. आपल्याकडे मात्र त्या बातमीच्या पाठोपाठ हळहळ व्यक्त झाली : मग नरिंदरसिंग कपानी यांचे काय? पंजाबातल्या मोगा येथे जन्मलेल्या, आग्रा विद्यापीठात शिकलेल्या या शास्त्रज्ञाने काओंच्या बऱ्याच आधी काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवून दाखवले होते. ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नाव रूढ झाले तेही १९६० साली त्यांनी लिहिलेल्या एका लेखामुळे. तेव्हा ‘प्रकाशतंतूचा जनक’ हा मान त्यांनाच मिळायला हवा होता, असे अनेकांना वाटले, आजही वाटते.

ही हळहळ समजण्यासारखी आहे. पण प्रकाशतंतूचा इतिहास थोडा खोलात जाऊन पाहिला, तर ‘जनक कोण’ हा प्रश्नच अपुरा वाटू लागतो. या इतिहासात जिथे जिथे अडलेली गाडी पुढे सरकली, तिथे एका विषयातला जाणकार आपली अडचण घेऊन दुसऱ्या विषयातल्या माणसाच्या दारात गेलेला दिसतो. कधी तो डॉक्टर आहे, कधी विद्युत अभियंता, कधी भूकंपशास्त्रज्ञ. आणि पुष्कळदा ही दारे एकाच विद्यापीठाच्या आवारात होती.

काचेत कोंडलेला प्रकाश

आधी मूळ तत्त्व पाहू. काचेतून हवेकडे निघालेला प्रकाशकिरण फार तिरका असेल, तर तो बाहेर पडतच नाही. सीमेवरून सगळाच्या सगळा परत आत वळतो. शाळेत आपण याला ‘पूर्ण आंतरिक परावर्तन’ म्हणून शिकलो. १८४१ साली जिनिव्हात दानिएल कोलादाँ यांनी पाण्याच्या वक्र धारेत प्रकाश अडकवून दाखवला होता. जॉन टिंडल यांनी लंडनमध्ये तसाच प्रयोग १८५४ साली केला. पाण्याच्या धारेऐवजी काचेचा बारीक तंतू घेतला, तर प्रकाश त्याच्या वळणांबरोबर वळत पलीकडच्या टोकाला निघेल, हे तेव्हापासून उघड होते.

उघड होते, पण शंभर वर्षे त्याचा उपयोग काय, हे फारसे कुणाला सुचले नव्हते. ती गरज पोटाने निर्माण केली.

जठराच्या आत डोकावणे ही डॉक्टरांची जुनी इच्छा. १८६८ साली जर्मनीत आडॉल्फ कुसमाउल यांनी सरळ, ताठ नळी घशातून जठरात घालून पाहिली. ती गिळण्यासाठी त्यांनी माणूस निवडला तो तलवार गिळून दाखवणारा जादूगार! सामान्य रुग्णाला ते शक्य नव्हते. १९३२ साली रुडॉल्फ शिंडलर यांनी पुढच्या भागात थोडी वाकणारी, आत भिंगांची माळ असलेली दुर्बीण केली. तरीही तपासणी रुग्णाला नकोशी वाटे आणि जठराचे काही कोपरे दिसायचे राहूनच जात.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातले प्रकाशशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यापुढे हे गाऱ्हाणे आले ते एका डॉक्टरकडून. भिंगांऐवजी हजारो काचतंतू शेजारी शेजारी बांधले आणि दोन्ही टोकांना त्यांचा क्रम सारखाच ठेवला, तर प्रत्येक तंतू चित्राचा एक ठिपका वाहून नेईल, अशी त्यांची कल्पना. ती प्रत्यक्षात उतरवण्याचे किचकट काम केले त्यांचे संशोधक विद्यार्थी कपानी यांनी. २ जानेवारी १९५४च्या ‘नेचर’मध्ये दोघांचा लेख आला. त्याच अंकात नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठातले आब्राहम व्हान हील यांचाही लेख होता. हॉपकिन्स आणि कपानी यांचे तंतूंचे जुडगे चित्र चांगले दाखवत होते. पण त्यांचे तंतू उघडे होते. व्हान हील यांनी तंतूवर वेगळ्या पदार्थाचा लेप दिला होता. ही सूचना त्यांना ब्रायन ओब्रायन या अमेरिकन प्रकाशशास्त्रज्ञाकडून मिळाली होती.

लेपाचे महत्त्व काय? परावर्तन होताना प्रकाशलहरीचा अगदी थोडा अंश सीमेच्या पलीकडे डोकावत असतो. पलीकडे नुसती हवा असेल तर तो मुकाट परततो. पण तिथे बोटाचा तेलकट डाग असेल, ओरखडा असेल किंवा शेजारचा तंतू चिकटलेला असेल, तर प्रकाश तिथून निसटतो. हजारो तंतू एकमेकांना टेकलेल्या जुडग्यात ही गळती जागोजागी होणार. यावर उपाय एकच : ज्या सीमेवर परावर्तन व्हायचे, ती सीमाच बाहेरच्या जगाच्या स्पर्शापासून दूर, आत ठेवायची. म्हणजे तंतूच्या गाभ्याभोवती कमी अपवर्तनांकाच्या, तितक्याच स्वच्छ पदार्थाचे आवरण हवे.

पदवीच्या वर्गातला विद्यार्थी

‘नेचर’मधले ते लेख मिशिगन विद्यापीठातल्या एका तरुण पोटविकारतज्ज्ञाच्या वाचनात आले. बेसिल हिर्शोविट्झ हे मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. ते लंडनला जाऊन हॉपकिन्स आणि कपानी यांचे काम पाहून आले. परतल्यावर त्यांनी आपल्याच विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाचे दार ठोठावले. तिथले प्राध्यापक विल्बर पीटर्स यांनी मदत देऊ केली आणि हाताशी दिला लॉरेन्स कर्टिस हा पदवीच्या वर्गातला विद्यार्थी.

कर्टिसने आधी तंतूंवर निरनिराळे लेप देऊन पाहिले. मनाजोगते काही होईना. मग त्याने वेगळा विचार केला : लेप देण्याऐवजी जास्त अपवर्तनांकाच्या काचेची कांडी कमी अपवर्तनांकाच्या काचेच्या नळीत घालायची, दोन्ही एकत्र तापवायच्या आणि पाकाची तार ओढावी तसा त्यांचा एकच तंतू ओढायचा. गाभाही काचेचा, आवरणही काचेचे. ज्येष्ठांना ही युक्ती फारशी पटली नव्हती. दोन काचांच्या सांध्यात अडकलेली घाण प्रकाश बिघडवेल अशी शंका होती. ८ डिसेंबर १९५६ रोजी कर्टिसने तरीही ते करून पाहिले, आणि ते जमले.

पुढच्याच फेब्रुवारीत त्यांचा लवचीक जठरदर्शक तयार झाला. हिर्शोविट्झ यांनी तो आधी स्वतःच्या घशाखाली घातला आणि काही दिवसांनी एका रुग्णावर वापरला. आज आपल्यातल्या कितीतरी जणांनी ‘एन्डोस्कोपी’ करून घेतली असेल. आता दुर्बिणीच्या टोकाशी बहुधा सूक्ष्म कॅमेरा असतो. पण घशातून वाकत जाणारी, आतला कोपरा न् कोपरा दाखवणारी दुर्बीण वैद्यकाच्या हाती आली ती या तिघांमुळे.

इथे थोडे थांबून हिशेब मांडू. प्रश्न डॉक्टरचा होता. तत्त्व भौतिकशास्त्राचे होते. उत्तर मात्र काच तापवून ओढण्याच्या हस्तकौशल्यातून आले, आणि तेही ज्याच्या नावापुढे एकही पदवी नव्हती अशा मुलाच्या हातून. वैद्यकीय महाविद्यालय आणि भौतिकशास्त्र विभाग एकाच आवारात नसते किंवा असूनही एकमेकांकडे जाण्याची रीत नसती, तर हे त्या वेळी घडले असते असे वाटत नाही.

वीस मीटरची काच

जठरापर्यंतचे अंतर हातभर. तेवढ्यासाठी ही काच पुरेशी होती. संदेशवहनासाठी मात्र ती निरुपयोगी होती आणि त्याचे गणित साधे आहे. क्षीणन म्हणजे प्रकाशाची घट डेसिबेलमध्ये मोजतात. २० डेसिबेल घट म्हणजे शंभरातला एक भाग शिल्लक. त्या काळच्या चांगल्या काचतंतूतही घट मीटरमागे सुमारे एक डेसिबेल होती. म्हणजे वीस मीटरवरच प्रकाशाचा शंभरावा हिस्सा उरणार. गावाहून गावाला संदेश न्यायचा कसा?

शांघायमध्ये जन्मलेले काओ इंग्लंडमधल्या हार्लो येथील एका दूरसंचार कंपनीच्या प्रयोगशाळेत विद्युत अभियंता होते. १९६६ साली त्यांनी जॉर्ज हॉकहॅम यांच्यासह लिहिलेल्या निबंधातले धाडस असे की, दोष काचेचा नसून काचेतल्या अशुद्धतेचा आहे, हे त्यांनी ठामपणे मांडले. लोह, तांबे अशा धातूंचे अत्यल्प कण प्रकाश गिळतात. ते काढता आले तर घट किलोमीटरला वीस डेसिबेलपर्यंत आणता येईल आणि तेवढ्यावर दूरसंचार शक्य होईल. वीस मीटरवर जे घडत होते, ते एक किलोमीटरवर घडले तरी पुरे, असा तो दावा. एका अभियंत्याने काचशास्त्राला घालून दिलेले ते उद्दिष्ट होते.

१९७० साली अमेरिकेतल्या कॉर्निंग या काचेच्या कंपनीत रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी ते गाठले. त्यांनी काच वितळवून शुद्ध केलीच नाही. शुद्ध वायुरूप रसायनांपासून ती नव्याने घडवली. आजही प्रकाशतंतूचा मूळ काचदंड असाच, वाफेतून थर चढवत तयार होतो आणि मग उंच मनोऱ्यात सुमारे दोन हजार अंश सेल्सियसला तापवून त्यातून तंतू ओढतात. असे कारखाने आपल्याकडे औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर परिसरातही आहेत. तंतूचा व्यास १२५ मायक्रोमीटर, केसाहून थोडा जाड. त्यातला प्रकाश वाहणारा गाभा जेमतेम आठ-नऊ मायक्रोमीटरचा. गाभा आणि आवरण यांच्या अपवर्तनांकातला फरक एका टक्क्याहूनही कमी. कर्टिसची ‘काचेभोवती काच’ ही रचना मात्र तीच आहे.

आजच्या तंतूत घट किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबेल असते. वीस मीटरवर होणारी घट आता शंभर किलोमीटरवर होते.

साऊथहॅम्टनचा मनोरा

शंभर किलोमीटर म्हणजे समुद्र नव्हे. समुद्राखालच्या केबलमध्ये क्षीण झालेल्या प्रकाशाला ठरावीक अंतरावर बळ द्यावे लागते. सुरुवातीला त्यासाठी प्रकाशाचे विजेत रूपांतर करायचे, विजेचा संकेत सुधारायचा आणि पुन्हा प्रकाश तयार करायचा, असा द्राविडी प्राणायाम चाले. अटलांटिकखालची पहिली प्रकाशतंतू केबल १९८८ साली याच पद्धतीने सुरू झाली.

इंग्लंडमधल्या साऊथहॅम्टन विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्सचे प्राध्यापक अ‍ॅलेक गॅम्बलिंग यांनी बरेच आधी एक निर्णय घेतला होता : तंतू बाहेरून विकत न आणता आपल्याच विभागात ओढायचे. इलेक्ट्रॉनिक्सच्या विभागात काचेची भट्टी! त्यांचे विद्यार्थी डेव्हिड पेन यांनी काच ओढण्याचा मनोरा उभारण्यात भाग घेतला. पुढे या गटाने तंतूच्या गाभ्यात दुर्मीळ मृद मूलद्रव्ये मिसळून पाहिली. उद्देश तंतूचाच लेसर करण्याचा होता. त्यातले एक मूलद्रव्य एर्बियम. एर्बियमचे अणू बाहेरून पुरवलेल्या प्रकाशातून ऊर्जा साठवतात आणि विशिष्ट तरंगलांबीचा क्षीण संकेत जवळून गेला की ती ऊर्जा नेमकी त्याच संकेताच्या रूपात सोडतात. ही तरंगलांबी आहे सुमारे १.५५ मायक्रोमीटर, आणि शुद्ध काचेत सर्वात कमी घट होते तीही याच तरंगलांबीला. निसर्गाने दिलेला हा योगायोग! १९८७ साली मिअर्स, रीकी, जॉन्सी आणि पेन यांनी एर्बियम तंतूचा प्रकाशवर्धक जाहीर केला. त्याच सुमारास अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतही हे काम झाले.

आता प्रकाशाला विजेत बदलायचे कारणच उरले नाही. शिवाय एकाच तंतूतून जाणारे अनेक रंगांचे, म्हणजे अनेक तरंगलांबींचे संकेत एकाच वर्धकात एकदम वाढवता येऊ लागले. इंटरनेटचा आजचा पसारा या दोन गोष्टींवर उभा आहे. १९९७ साली युरोप आणि आशिया यांना जोडणारी ‘फ्लॅग’ केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागली, तिच्यातही असेच प्रकाशवर्धक होते. त्यानंतरच्या वर्षांत अमेरिकेतल्या मुलाशी संगणकावरून बोलणाऱ्या पुण्या-मुंबईच्या आईबापांचा आवाज आणि चेहरा समुद्राखालच्या एर्बियमने किती वेळा सावरला असेल, याची मोजदाद नाही.

३० ऑक्टोबर २००५ रोजी साऊथहॅम्टनच्या या प्रयोगशाळांची इमारत आगीत सापडली. तंतू आणि सूक्ष्म उपकरणे बनवणाऱ्या निर्जंतुक खोल्यांची राख झाली. काही वर्षांत नवी इमारत उभी राहिली आणि काम पुढे चालू राहिले, कारण काच ओढणारे हात आणि गणित करणारी डोकी शाबूत होती. अशा संशोधनात यंत्रांइतकेच मोल एकमेकांच्या भाषेला सरावलेल्या माणसांचे असते.

त्याच विद्यापीठाने अलीकडे एक गंमतीचे वळण घेतले आहे. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्या रचनेतल्या सूक्ष्म अनियमिततेमुळे प्रकाश विखुरतोच; आकाश निळे दिसते त्याच जातीचे हे विकिरण. मग प्रकाश काचेतून न नेता हवेतून का नेऊ नये? १९९१ साली फिलिप रसेल यांना सुचलेल्या कल्पनेचे मूळ स्थायू भौतिकशास्त्रात आहे : स्फटिकाच्या नियमित रचनेत इलेक्ट्रॉनांना काही ऊर्जा वर्ज्य असतात, तशीच नियमित भोके असलेली काच घेतली तर ठरावीक प्रकाशाला तिच्यात शिरणे वर्ज्य होईल आणि तो मधल्या पोकळीत कोंडला जाईल. १९९९ साली बाथ विद्यापीठात रसेल यांच्या गटाने असा पोकळ तंतू करून दाखवला. नंतर त्याहून साध्या, पातळ भिंतींच्या काचनळ्या आत बसवलेल्या रचना आल्या आणि २०२५ साली साऊथहॅम्टनच्या संशोधकांनी किलोमीटरला ०.१ डेसिबेलपेक्षाही कमी घट असलेला पोकळ तंतू प्रसिद्ध केला. घट भरीव काचतंतूपेक्षा कमी आणि वेग जास्त : काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, हवेत जवळपास तीन लाख.

तंतूला फुटलेले कान

काचेतले ते विकिरण सगळेच वाया जात नाही. विखुरलेल्या प्रकाशाचा थोडा भाग उलटा, सुरुवातीच्या टोकाकडे परत येतो. तो किती वेळाने आला यावरून कुठून आला ते कळते; कसा बदलून आला यावरून तिथे काय घडले ते कळते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली शोधलेल्या परिणामामुळे परतणाऱ्या प्रकाशाच्या थोड्या भागाचा रंग बदलतो आणि त्या बदललेल्या प्रकाशाचे प्रमाण तापमानावर अवलंबून असते. त्यामुळे बोगद्यात किंवा वीजवाहिनीलगत टाकलेला एकच तंतू किलोमीटरच्या किलोमीटर लांबीचा तापमापक होतो.

आणखी सूक्ष्म मोजमाप केले तर तंतूला बसणारा ताणही कळतो. २०१८च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरे उपसागराच्या तळाशी असलेली वैज्ञानिक केबल दुरुस्तीसाठी चार दिवस बंद राहणार होती. बर्कली आणि राइस विद्यापीठातल्या भूशास्त्रज्ञांनी त्या रिकाम्या दिवसांत तिच्यातल्या तंतूच्या वीस किलोमीटर भागात प्रकाशाचे स्पंद सोडले आणि एक छोटा भूकंप टिपला. शिवाय समुद्रतळाशी आधी नकाशावर नसलेल्या प्रस्तरभंगांच्या खुणा त्यांना सापडल्या. समुद्राच्या तळाशी भूकंपमापक बसवणे महागाचे आणि कष्टाचे काम. पण तिथे केबली आधीच पडून आहेत. हे सुचायला प्रकाशशास्त्र आणि भूकंपशास्त्र दोन्ही जाणणारे लोक एका खोलीत बसावे लागले.

खोडदच्या माळावर

असे उदाहरण आपल्या अंगणातही आहे. नारायणगावाजवळच्या खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत. त्यांतल्या चौदा मध्यभागी, बाकीच्या तीन भुजांवर, अशा मिळून सुमारे पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही दुर्बीण ‘एक’ दुर्बीण ठरते ती सगळ्या अँटेनांचे संकेत मध्यवर्ती इमारतीत एकत्र आणून जुळवता येतात म्हणून. अब्जावधी वर्षे प्रवास करून आलेली रेडिओलहर शेवटचे काही किलोमीटर प्रकाशावर स्वार होऊन, काचेच्या तंतूतून जाते. तांब्याच्या तारेत ती वाटेतच विरली असती. तंतू स्वतः रेडिओ गोंगाटही करत नाही, हा आणखी एक फायदा. आकाशाचा अभ्यास करणाऱ्यांना इथे दूरसंचाराचे तंत्र आत्मसात करावे लागले आणि त्यांनी ते केले.

तरीही असे अपवादाने घडते, हे मान्य करायला हवे. दिल्लीच्या आयआयटीत अजय घटक, के. त्यागराजन यांनी प्रकाशतंतूच्या अध्यापनाची भक्कम परंपरा उभी केली. त्यांची पुस्तके देशभर शिकवली जातात. कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत तंतू ओढले जातात. पण आपल्या बहुतेक विद्यापीठांत भौतिकशास्त्र विज्ञान महाविद्यालयात, दूरसंचार अभियांत्रिकीत, वैद्यक तिसऱ्याच विद्यापीठात, आणि काचेचे शास्त्र कुठेच नाही. पोटविकारतज्ज्ञाने भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाकडे जायचे ठरवले, तर आधी परवानगीचा अर्ज कोणाकडे करायचा, इथूनच प्रश्न सुरू होईल. आणि समजा एखाद्या पदवीच्या विद्यार्थ्याने ज्येष्ठांना न पटलेला प्रयोग भट्टीत करून पाहिला, तर त्याचे गुण कोणत्या विषयाच्या रकान्यात मांडायचे?

कपानींचे कर्तृत्व मोठे होतेच. २०२० साली ते गेले आणि पुढच्या वर्षी आपण त्यांना पद्मविभूषण दिला. पण त्यांच्या जुडग्यातून निसटणारा प्रकाश अडवला तो कर्टिसच्या काचनळीने, तो दूर नेता येईल हे सांगितले काओंनी, आणि समुद्रापार पोचवला साऊथहॅम्टनच्या भट्टीने. जनक एकच शोधायचा हट्ट धरला तर यातले तिघे तरी गाळावे लागतील. नोबेल कुणाला मिळाले आणि कुणाचे हुकले याची हळहळ करण्यापेक्षा आपल्या विद्यापीठांत एका विभागाचे दार दुसऱ्याला किती सहज उघडते, हे विचारणे अधिक उपयोगाचे आहे.